पेपर मागे घेतले जातात, मग संशोधनावर विश्वास का ठेवायचा?

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरांचा हा प्रश्न. त्यांच्याकडे एक गुरुजी नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन आले होते. गोवर-रुबेलाची लस टोचायची नाही, म्हणाले. डॉक्टरांनी संशोधनाचा दाखला दिला, तेव्हा गुरुजींनी विचारलं, “कोविडमध्ये आयव्हरमेक्टिन घ्या म्हणालात, मग नको म्हणालात. प्लाझ्मासाठी लोकांना रात्री-अपरात्री पळवलंत, मग तोही काढून टाकलात. एवढ्या मोठ्या जर्नलनं छापलेला पेपर मागे घेतला. मग तुमच्या संशोधनात आणि माझ्या मोबाईलवर जे येतं त्यात फरक काय?” डॉक्टरांना उत्तर सुचलं नाही. काय सांगायला हवं होतं, असं ते विचारतात.

डॉक्टर, गुरुजींचे तिन्ही दाखले खरे आहेत. ते नाकारून सुरुवात केलीत तर पुढचं एकही वाक्य त्यांच्या कानात शिरणार नाही. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर औषध तपासून पाहणारे अभ्यास, त्यांची आखणी आणि आकडेमोड यात माझी तीस वर्षं गेली. एथिक्स कमिटीवर बसते, जर्नलांसाठी पेपर तपासते. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. अफवा बाहेरून येते हे खरं, पण ती रुजते ती आपण मोकळ्या सोडलेल्या जागेत. मूळ डेटा कुणाला दाखवायचा नाही, चूक कळली तरी महिनोन्‌महिने कबूल करायची नाही, निष्कर्ष हाती आला तरी गाईडलाइन बदलायची नाही, अशा त्या जागा. गुरुजींच्या तिन्ही उदाहरणांत त्या दिसतात, म्हणून ती उदाहरणंच नीट उलगडते.

आयव्हरमेक्टिन हे मुळात फार गुणाचं औषध आहे. जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून त्याची सुरुवात झाली, आणि सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं ते याच कामासाठी. आफ्रिकेत नदीकाठच्या माश्यांमुळे येणारं अंधत्व त्यानं आटोक्यात आणलं. आपल्याकडे २०१९ साली नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधांचा एकत्र डोस घरोघर दिला गेला, त्यातलं एक हेच. अशा नावाजलेल्या औषधाबद्दल २०२० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे औषध टाकलं तर अठ्ठेचाळीस तासांत विषाणू सुमारे ५,००० पटींनी घटतो. पेपर खोटा नव्हता. फक्त त्या बशीत औषधाची जी मात्रा होती, ती नेहमीच्या गोळीनं माणसाच्या रक्तात उतरणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होती. बातमी पसरली, मात्रेचं वाक्य पसरलं नाही.

मग नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधून एक प्रीप्रिंट आला. प्रीप्रिंट म्हणजे तपासणी होण्याआधी लेखकानं स्वतःच सर्वांसमोर ठेवलेला पेपर. त्यात कोविडचे ४०० रुग्ण होते आणि मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचा दावा होता. दीड लाखांहून जास्त वेळा तो उघडला गेला. पुढे मेटा-अ‍ॅनालिसिस करणाऱ्यांनी वेगवेगळ्या ट्रायलचे आकडे एकत्र केले, तेव्हा हा पेपर त्या बेरजेत बसला आणि मोठा असल्यामुळे सगळी बेरीज आपल्या बाजूला ओढून गेला. वाचणाऱ्याला वाटलं, इतके अभ्यास एका सुरात बोलताहेत.

तो उघडा पाडला लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं. वर्गात दिलेल्या कामासाठी तो हा पेपर वाचत होता. प्रस्तावनेतली वाक्यं इकडून तिकडून उचललेली वाटली म्हणून तो खोलात गेला. लेखकांनी डेटाची फाईल पासवर्ड घालून ठेवली होती, आणि पासवर्ड होता १२३४. फाईल उघडली तर काही रुग्णांच्या मृत्यूची तारीख अभ्यास सुरू होण्याच्या आधीची. काही रुग्णांच्या ओळीच्या ओळी पुढे जशाच्या तशा पुन्हा आलेल्या. १४ जुलै २०२१ रोजी तो प्रीप्रिंट मागे घेतला गेला. तो आणि आणखी काही संशयास्पद अभ्यास बाजूला काढून बेरीज पुन्हा मांडली, तर मृत्यू घटल्याचा परिणाम उरलाच नाही.

आता तारखा पाहा. त्याच वर्षी १० मे रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं की १८ वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंधासाठी पाच दिवस १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन दिलं जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच आठवण करून दिली की ट्रायलच्या बाहेर कोविडसाठी हे औषध वापरू नये, अशी संघटनेची शिफारस आहे. आपल्या राष्ट्रीय गाईडलाइनमध्येही ते एप्रिलपासून होतं आणि सप्टेंबरमध्ये निघालं. मे महिन्यात ज्यांनी बाजूनं निर्णय घेतले, त्यांच्यासमोर इजिप्तचा पेपर आणि त्यावर उभ्या राहिलेल्या बेरजा अजून शाबूत होत्या. गुरुजी म्हणतात “आधी हो, मग नाही” ते हेच. मधल्या आठ महिन्यांत कुणी मूळ डेटा मागितला असता, तर ही वेळ आली नसती असं मला मनापासून वाटतं.

नीट केलेलं काम कसं दिसतं तेही सांगते. ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर ट्रायल झाली. निम्म्यांना आयव्हरमेक्टिन, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली प्लॅसिबो गोळी. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. काय मोजायचं ते आधी नोंदवलेलं: रुग्णालयात भरती होणं किंवा आपत्कालीन विभागात बराच वेळ ठेवून घ्यावं लागणं. औषधाच्या गटात अशा १०० जणांची नोंद झाली, प्लॅसिबोच्या गटात १११. एवढा फरक योगायोगानंही पडतो. मार्च २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. या पेपरवर कुणी चमचमीत व्हिडिओ केला नाही.

प्लाझ्माची, म्हणजे कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग रुग्णाला देण्याची, गोष्ट मला जास्त बोचते, कारण तिथे संशोधन आपलं होतं आणि उत्तमही होतं. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये देशभरातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ट्रायल केली. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा मृत्यू ओढवला, न मिळालेल्या २२९ पैकी ४१ जणांचा. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के. साथीच्या धामधुमीत, सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत, तीन महिन्यांत एवढी ट्रायल उभी करणं सोपं नव्हतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापूनही आली. आणि गाईडलाइनमधून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला.

मधे काय झालं ते तुम्हीही पाहिलंत. २०२१ च्या एप्रिलमधल्या एका रात्री अडीच वाजता माझ्या चुलतभावाचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं होतं आणि रुग्णालयानं चिठ्ठी दिली होती, प्लाझ्मा आणा. ताई, ए पॉझिटिव्ह बरा झालेला कोणी माहीत आहे का? मी त्याला सांगितलं की त्याचा उपयोग नाही, आपल्याच देशात ट्रायल झाली आहे. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “पण डॉक्टरांनी लिहून दिलंय ना.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री तो तीन ब्लड बँका फिरला. सासऱ्यांजवळ थांबायला कुणी नव्हतं. ते पहाटे गेले.

ट्रायल खोटी नव्हती, गाईडलाइन मागे राहिली होती. पण माझ्या भावाच्या मनात एवढंच राहिलं की या लोकांचं काही खरं नाही. उद्या त्याला कुणी लसीबद्दल भलतंसलतं पाठवलं तर तो माझं ऐकेल याची मला खात्री वाटत नाही.

तिसरा दाखला मोठ्या जर्नलचा. ‘लॅन्सेट’नं २२ मे २०२० रोजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाच्या कोविडमधल्या वापरावर एक पेपर छापला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण, आणि निष्कर्ष असा की या औषधानं मृत्यू वाढतात. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवला. मग लोक आकडे तपासायला बसले. पेपरमध्ये ऑस्ट्रेलियात ७३ मृत्यू दाखवले होते, आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशात नोंदलेले मृत्यू ६७ होते. शंभराहून अधिक संशोधकांनी जाहीर पत्र लिहून मूळ डेटा मागितला. डेटा पुरवणाऱ्या कंपनीनं त्रयस्थ तपासनिसांना तो द्यायला नकार दिला, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. छापल्यापासून तेरा दिवसांत.

याच जर्नलचा दुसरा एक पेपर आठवा, कारण गुरुजींच्या मनातली लसीची भीती बहुधा तिथूनच झिरपत आली आहे. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी बारा मुलांच्या नोंदींवरून गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. मुलं मुद्दाम वेचून घेतली होती. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डना पैसे मिळत होते आणि पेपरमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. ब्रायन डीअर या पत्रकारानं वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे बाहेर काढलं. २००४ मध्ये दहा सहलेखकांनी त्या निष्कर्षापासून अंग काढून घेतलं, पण पेपर पूर्णपणे मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडला. बारा वर्षं. तोवर इंग्लंडमधलं त्या लसीचं प्रमाण ९२ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत घसरून गेलं होतं आणि गोवर परतला होता.

तेरा दिवस आणि बारा वर्षं, या दोन आकड्यांत माझं बरंचसं म्हणणं येतं. पहिल्या प्रकरणाचा बभ्रा झाला, पण इजा थोडक्यावर निभावली. दुसऱ्यात जर्नलनं आब राखण्यासाठी वेळ घेतला आणि त्याची किंमत लहान मुलांनी दिली. पेपर मागे घेतला की संशोधनाची अब्रू जाते, असं आपल्यातल्या अनेकांना वाटतं, म्हणून ते टाळलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. व्यापारी जमाखर्चातली चुकीची नोंद खोडत नाही, तिच्यावर आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहितो आणि सही करतो. ती रेघ दिसते म्हणूनच वहीवर विश्वास बसतो.

हे मी दुसऱ्यांना सांगते आहे, पण माझ्याही हातून चूक झाली आहे. कोविडच्या बऱ्याच आधी रक्तदाबावरच्या एका आयुर्वेदिक काढ्याचा पेपर माझ्याकडे तपासायला आला होता. आकडेमोड चोख होती, भाषा नीट होती, मी किरकोळ दुरुस्त्या सुचवून पास केला. दोन वर्षांनी दुसऱ्या कामानिमित्त त्याच पेपरची एक्सेल शीट माझ्यासमोर आली. साध्या यंत्रावर माणूस रक्तदाब मोजतो तेव्हा शेवटी शून्य जास्त वेळा येतो, कारण डोळा गोल आकड्याकडे ओढला जातो. इथे शून्य ते नऊ सगळे अंक जवळजवळ सारखेच आले होते. तरीही मी यंत्र बदललं असेल असं म्हणून पुढे गेले असते. पण खाली स्क्रोल करताना वजनाच्या रकान्यात ६३, ५८, ७१, ६६ ही माळ ओळखीची वाटली. वर जाऊन पाहिलं. चौदा रुग्णांची अख्खी पट्टी, वय सोडून बाकी सगळं, पुन्हा चिकटवलेली. मी जर्नलला कळवलं. पहिल्यांदाच ती शीट मागितली असती तर पंधरा मिनिटांत सापडलं असतं. तेव्हापासून मूळ डेटा पाहिल्याशिवाय मी ट्रायलचा एकही पेपर पास करत नाही. काही संपादक वैतागतात आणि पुन्हा पेपर पाठवत नाहीत.

आपल्याकडे दिशा बरोबर आहे, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. १५ जून २००९ पासून भारतात क्लिनिकल ट्रायलची नोंदणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं सक्तीचं झालं. एप्रिल २०१८ पासून तर पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून चालत नाही. ही नोंदवही कुणालाही फुकट बघता येते. ट्रायलच्या नोंदणी क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. आत गेलात की पहिला रुग्ण कधी घेतला, किती रुग्ण घेणार होते, आणि मुख्य निकष कोणता ठरवला होता, ते लिहिलेलं असतं. पेपरमध्ये मुख्य निकष तोच आहे का, एवढं ताडून पाहिलं तरी पुष्कळ कळतं. आधी ठरवलं ‘सहा महिन्यांत मृत्यू’ आणि छापलं ‘दोन आठवड्यांत थकवा कमी’, तर मधे काहीतरी घडलं आहे. एखाद्या चूर्णाच्या जाहिरातीत ‘क्लिनिकल ट्रायलमध्ये सिद्ध’ असं दिसलं तर पेशंटसमोरच हे शोधून पाहा. मी अनेकदा केलं आहे, आणि दहा मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

नोंदणी आणि तपासणी नीट झाली तरी एक खाच उरते, ती डेक्सामेथासोननं दाखवली. ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलनं जून २०२० मध्ये सांगितलं की या काही रुपयांच्या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नाही. शेवटचा तुकडा वाटेत गळून पडला. घरी बसून ताप अंगावर असलेल्यांनी पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलं, त्यातले कित्येक मधुमेही होते, आणि दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीनं लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. इथे ट्रायल खरी होती, डेटा उघडा होता. गोंधळ झाला तो सांगताना. म्हणून निष्कर्ष सांगताना “कोणाला नाही” हे वाक्य मी आधी बोलते, “कोणाला” हे नंतर.

तुमच्या ओळखीत कुणी एमडीचं शिक्षण घेत असेल तर त्याच्या थिसिसकडे लक्ष द्या. बहुतेकांचं पहिलं संशोधन तिथे होतं, आणि बहुतेकांना पहिली वाईट सवयही तिथेच लागते. जमा करायच्या तारखेआधी महिनाभर पन्नासाचे साठ रुग्ण होतात. गाईडनं एका दुपारी मुलाला शेजारी बसवून, कुठलेही पाच केस रेकॉर्ड फॉर्म, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती भरलेले कागद, ओढून, ते वॉर्डच्या मूळ कागदांशी ताडून पाहिले तर असं होत नाही. मी हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, की मी पाच कागद ओढणार आहे आणि कोणते ते आधी सांगणार नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे अपेक्षित ८० पैकी ५२ रुग्णच मिळाले. तिनं ५२च लिहिले, कमी का पडले तेही लिहिलं. परीक्षकानं तिला त्यावरून बराच वेळ उलटतपासलं. मी बाजूला बसून होते. तिचा आवाज कापत होता, पण आकडा तिनं बदलला नाही.

आता गुरुजींकडे येऊ. ते पुन्हा येतील, मूल लहान आहे. आले की त्यांना सांगा, तुमचे तिन्ही दाखले खरे आहेत. आणि मग विचारा, हे तिन्ही चुकलेत हे तुम्हाला कळलं कसं? कुणीतरी आकडे मागितले, तपासले, नावानिशी पुढे येऊन सांगितलं. मोबाईलवर गेल्या वर्षी आलेला एखादा मजकूर चुकीचा होता म्हणून पाठवणाऱ्यानं कधी मागे घेतला का, हेही विचारा. पण जिंकण्याच्या सुरात नको. शिक्षक माणूस आहे, वही तपासणं म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

लसीबद्दल विचारतील तेव्हा डेन्मार्कचा अभ्यास सांगा. तिथे प्रत्येक मुलाची नोंद जन्मापासून सरकारी नोंदवहीत असते. २०१९ साली ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्यांत ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. घरात आधीच एखाद्या भावंडाला ऑटिझम असलेली मुलं वेगळी काढून पाहिली, तरीही नाही. वेकफिल्डच्या पेपरमध्ये बारा मुलं होती. दोन्ही आकडे एकाच कागदावर, एकाखाली एक लिहून दाखवा. आणि गोवर काय करतो तेही सांगा: २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात तो पसरला, तेव्हा त्यात मुलं दगावली.

लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. म्हणजे गुरुजींना एका भेटीत हो म्हणायला लावायची घाई नाही, पण फार दिवस घालवूही नका. मुलीचं वजन करा, तिचं कार्ड बघा. आणि पेपर मागे घेतल्याची बातमी त्यांनी पुन्हा दाखवली, तर खुर्ची त्यांच्या शेजारी ओढून ती दोघांनी मिळून शेवटपर्यंत वाचा: चूक कुणी पकडली, कधी आणि कशावरून.